अर्थविचार : ओढगस्तीच्या दारीं विक्रेता

घरांतील मिळकत घटली म्हणजे घरांतील गरजाहि त्या मानानें घटतात, असा समज ज्यानें एकत्र कुटुंबाचा संसार कधीं चालविला नाहीं त्याचाच असूं शकेल. अनुभव याच्या अगदीं उलट आहे. व्यापार मंदावला म्हणजे थोरल्या भावाची प्राप्ति उतरते, आणि नेमक्या त्याच वर्षीं परगांवीं नोकरी गमावलेला धाकटा भाऊ बायकामुलांसह घरीं परत येतो. जमेची बाजू आखडते आणि पंगतीचीं पानें मात्र वाढतात. अशा वेळीं एखादा गोडबोल्या विक्रेता दारीं येऊन म्हणाला, "हें यंत्र घ्या, आज कांहीं देऊं नका, होणाऱ्या बचतींतून सावकाश फेडा," तर त्या घरच्या कर्त्यानें काय करावें?

प्रश्न घरगुती दिसतो खरा. परंतु हाच प्रश्न अमेरिकेंतील राज्यसरकारांस आणि नगरसभांस मंदीच्या प्रत्येक फेऱ्यांत सोडवावा लागतो, आणि तो कसा सुटतो यावर तेथील असंख्य गरीब कुटुंबांचें अन्न अवलंबून असतें. शिवाय हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाहीं. त्या सरकारांचीं संगणकाचीं कामें करणाऱ्यांत आपल्या घरांतून गेलेलीं मुलेंमुली आहेत. म्हणून या महिन्यांत त्याचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम तेथील राज्यांची तिजोरी कशी चालते तें पाहूं. अमेरिकेचें मध्यवर्ती सरकार तुटीचा अर्थसंकल्प करून कर्ज काढूं शकतें. राज्यांस ती मोकळीक नाहीं. व्हरमाँट हें एक राज्य वगळलें तर इतर सर्व राज्यांवर जमाखर्चाची तोंडमिळवणी केलीच पाहिजे असा कमीअधिक कडक निर्बंध आहे. बहुतेक राज्यांचें उत्पन्न मुख्यत्वें विक्रीकर आणि प्राप्तीवरील कर यांतून येतें. लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि खरेदी थंडावली कीं तें ओसरतें. उलटपक्षीं बेकारीभत्ता, अन्नसाहाय्य आणि औषधोपचाराची मदत मागणारांची रांग त्याच वेळीं लांबते. डिसेंबर २००७ पासून जून २००९ पर्यंत चाललेल्या महामंदींत हें जगानें पाहिलें. कॅलिफोर्नियासारख्या संपन्न राज्याची रोकड इतकी आटली कीं, जुलै २००९ मध्यें त्या राज्यानें कित्येकांचें देणें रोख न भागवितां त्यांच्या हातीं वचनचिठ्ठ्या दिल्या. माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पदरींहि याच चिठ्ठ्या पडल्या, आणि सरकारी नोकरांस महिन्याकांठीं तीन दिवस बिनपगारी रजा सक्तीनें घ्यावी लागली. खासगी गिऱ्हाईक बुडतें, सरकार बुडत नाहीं, अशा हिशेबानें जो व्यापारी मंदींत सरकारदारीं धांव घेतो, त्यानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, सरकार बुडत नसलें तरी तें तिष्ठत ठेवूं शकतें.

मग अशा दिवसांत यंत्रें विकण्याची आणि घेण्याची भाषाच कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु जुन्या यंत्राचे दोष जितके मंदींत उघडे पडतात तितके सुबत्तेंत पडत नाहींत. याचें एक मासलेवाईक उदाहरण आहे. इ. स. २००८ च्या जुलैअखेर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर श्वार्झेनेगर यांनीं, अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंत सुमारे दोन लक्ष नोकरांचे पगार तासास ६ डॉलर ५५ सेंट या किमान दरावर आणण्याचा हुकूम काढला. राज्याचे मुख्य हिशेबनीस जॉन चियांग यांनीं तो अमलांत आणण्याचें नाकारलें. कायद्याच्या हरकतींबरोबर त्यांनीं एक हरकत अशी घेतली कीं, पगाराची जुनी संगणकव्यवस्था हा बदल पचविण्यास निदान सहा महिने घेईल! राज्याच्या प्रमुखाचा हुकूम यंत्राच्या वार्धक्यापुढें अडला. पुढें एप्रिल २०२० मध्यें, साथीमुळें बेकार झालेल्यांचा लोंढा कचेऱ्यांवर येऊन आदळला, तेव्हां न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांस कोबोल ही भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हांक घालावी लागली. ही संगणकभाषा १९५९ सालीं निर्माण झाली; ती जाणणारे कित्येक लोक केव्हांच सेवानिवृत्त झालेले. कौलें शाकारण्याची आठवण उन्हाळ्यांत होत नाहीं, आणि पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढवत नाहीं. त्यांतलीच ही गत.

तेव्हां गरज खरी आहे आणि पैसा नाहीं, अशा पेचांतील गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्यास पहिली गोष्ट ही माहीत हवी कीं, त्या सरकारच्या हातीं येणारा पैसा कोठून येतो. उदाहरणार्थ, गरिबांच्या औषधोपचाराची मेडिकेड नांवाची जी योजना आहे, तिच्यासाठीं मान्य झालेली संगणकव्यवस्था उभारण्याच्या खर्चापैकीं शेंकडा ९० पर्यंत आणि ती चालविण्याच्या खर्चापैकीं शेंकडा ७५ पर्यंत भाग मध्यवर्ती सरकार उचलतें. फेब्रुवारी २००९ मध्यें मंजूर झालेल्या सुमारे ७८,७०० कोटि डॉलरांच्या पुनरुज्जीवन कायद्यांत एकट्या जलद इंटरनेटच्या प्रसारासाठीं ७२० कोटि डॉलर राखून ठेवले होते. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. बहुतेक राज्यांचें आर्थिक वर्ष १ जुलैस सुरू होतें; ज्या कामाचा उल्लेख अंदाजपत्रकाच्या चर्चेंत झाला नाहीं, त्याची कितीहि सुंदर माहितीपत्रकें ऑगस्टांत वाटलीं तरी व्यर्थ. तिसरी गोष्ट अशी कीं, अनेक राज्यें एकत्र येऊन सामाईक करार करतात, आणि त्या करारांत ठरलेल्या दरानें लहान नगरसभांसहि, स्वतः टेंडर काढण्याचा व्याप न करतां, माल घेतां येतो. यांत चातुर्य असेल, पण लबाडी नाहीं. गिऱ्हाइकाचें घर ओळखून त्याला झेपेल तेंच पुढें ठेवणें हा चांगल्या व्यापाराचा पहिला नियमच आहे.

लबाडी, अथवा निदान मोह, सुरू होतो तो यंत्राऐवजीं बचत विकण्यास आरंभ झाला म्हणजे. हा मोह दोन रूपांनीं येतो. एका रूपांत विक्रेता स्वतःच रोकड घेऊन येतो. डिसेंबर २००८ मध्यें शिकागोच्या नगरसभेनें रस्त्यांवरील सुमारे ३६,००० वाहनतळयंत्रांचें उत्पन्न ७५ वर्षांच्या करारानें खासगी मंडळीस लिहून दिलें आणि त्याबद्दल ११५ कोटि डॉलर एकरकमी घेतले. नवीं, कार्ड घेणारीं यंत्रें बसविण्याचें काम मक्तेदाराकडे गेलें. शहरास फुकटांत नवीं यंत्रें मिळाल्याचें समाधान वाटलें असेल. पण जून २००९ मध्यें शहराच्याच तपासणी अधिकाऱ्यानें अहवाल दिला कीं, हा ठेवा निदान ९७ कोटि डॉलरांनीं स्वस्त गेला. आलेल्या रकमेपैकीं बहुतेक भाग थोड्याच वर्षांत तुटी भरून काढण्यांत संपला, आणि करार मात्र अजून अर्धशतकाहून अधिक चालावयाचा आहे. नातवंडांच्या वांट्याचा आंबा मोहोरांतच विकला, तो असा.

मोहाचें दुसरें रूप अधिक सूक्ष्म आणि अधिक क्रूर आहे. इंडियाना राज्यांत ९२ कौंट्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारखे विभाग आहेत. गरिबांचे मदतीचे अर्ज पूर्वीं त्या त्या कौंटींतील कचेरींत पाहिले जात, आणि एका कुटुंबाचें प्रकरण एका कारकुनाकडे असे. या पद्धतींत चुका होत्या, गैरप्रकारहि होते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. डिसेंबर २००६ मध्यें गव्हर्नर मिच डॅनिएल्स यांच्या सरकारनें आयबीएम कंपनीशीं दहा वर्षांचा, सुमारे १३० कोटि डॉलरांचा करार केला. राज्याचे सुमारे १,५०० नोकर खासगी मक्तेदाराकडे वर्ग झाले. अर्ज टेलिफोनवरून किंवा इंटरनेटवरून करावयाचे, कागदपत्र फॅक्सनें पाठवावयाचे, आणि एका प्रकरणाचे तुकडे करून जो हात मोकळा असेल त्यानें पुढचा तुकडा उरकावयाचा, अशी नवी व्यवस्था ऑक्टोबर २००७ पासून सुरू झाली व पुढें ५९ कौंट्यांपर्यंत पसरली.

करार झाला तेव्हां दिवस बरे होते. व्यवस्था सुरू होतांच मंदी आली, जून २००८ मध्यें महापूर आला, आणि अर्जांचा ओघ अंदाजाबाहेर गेला. पाठविलेले कागद हरवूं लागले. टेलिफोन धरून माणसें तासन् तास बसूं लागलीं. एखादा कागद पोंचला नाहीं कीं "अर्जदारानें सहकार्य केलें नाहीं" एवढ्या कारणावर अर्ज फेटाळला जाई, आणि कोणता कागद कमी पडला हें त्या नोटिशींत लिहिलेलेंच नसे. पूर्वीं चूक झाली तर म्हाताऱ्या बाईस आपल्या ओळखीच्या कारकुनाच्या टेबलापाशीं जाऊन विचारतां येत होतें. आतां तिनें कोणाकडे जावें? तिची हकीकत सबंध ठाऊक असलेला मनुष्य त्या सगळ्या यंत्रणेंत उरलाच नव्हता. अशा नोटिशींनीं घटनेनें दिलेला न्याय्य वागणुकीचा हक्क भंगतो, असा निर्णय इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं दिला.

ऑक्टोबर २००९ मध्यें गव्हर्नरांनीं करार मोडला आणि दोन्ही पक्ष कोर्टांत गेले. पहिल्या न्यायालयानें २०१२ सालीं कंपनीस सुमारे ५ कोटि २० लक्ष डॉलर देवविले, परंतु न्यायाधीशांनीं दोष मात्र दोहोंच्याहि पदरीं घातला. २०१६ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें करारभंग कंपनीनें केला असें ठरविलें. आणि २०१७ सालीं, उभयतांचें देणेंघेणें वजा जातां, कंपनीनें राज्यास सुमारे ७ कोटि ८० लक्ष डॉलर द्यावे असा हिशेब झाला. पैशाचा निवाडा होण्यास इतकीं वर्षें लागलीं. ज्यांची मदत २००८ सालीं तुटली त्यांस त्या हिवाळ्यांतील उपासांची भरपाई कोणत्या कोर्टांतून मिळणार? ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, पुढें राज्यानें यंत्रें फेकून दिलीं नाहींत. त्यानें मिश्र पद्धति स्वीकारली: संगणक ठेवला, आणि स्थानिक कचेरींत समोर बसून ऐकणारा माणूस परत आणला. म्हणजे दोष यंत्र घेण्यांत नव्हता. यंत्राची किंमत माणूस काढून वसूल करण्याच्या बेतांत होता.

याच इंडियानाची आणखी एक गोष्ट आपणांस जवळची आहे. २००१ च्या मंदीची झळ अजून निवाली नव्हती, अशा वेळीं बेकारीभत्त्याच्या संगणकव्यवस्थेचें सुमारे १ कोटि ५२ लक्ष डॉलरांचें काम त्या राज्यानें मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अमेरिकेंतील कंपनीस दिलें होतें. बेकारांस मदत देण्याचें कामच परदेशाहून आलेल्यांस दिलें, अशी हाकाटी झाली आणि नोव्हेंबर २००३ मध्यें गव्हर्नर जो कर्नन यांनीं करार रद्द केला. कामाच्या गुणावगुणांचा येथें प्रश्नच आला नाहीं. सरकारशीं व्यापार करणाऱ्यास गिऱ्हाइकें दोन असतात: एक टेंडर उघडणारा अधिकारी, आणि दुसरा, त्याच्या पाठीमागें उभा असलेला मतदार. मंदींत दुसऱ्याचा आवाज मोठा होतो.

तेव्हां या व्यवसायांत असलेल्या आपल्या तरुण मंडळींनीं, आणि उद्यां कदाचित् एखाद्या नगरपालिकेंत खरेदीच्या टेबलावर बसणाऱ्यांनींहि, करारावर सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे असें आम्हांस वाटतें. ही बचत कोणाचें काम थांबवून होणार आहे, आणि तें काम पुढें कोण करणार? मागणारांची संख्या उद्यां दुप्पट झाली तर ही व्यवस्था टिकेल काय? आणि अर्ध्या वाटेंत फारकत झाली, तर सरकारच्या हातीं चालूं शकणारें असें काय उरेल? या प्रश्नांचीं उत्तरें ज्या विक्रेत्याजवळ असतात तो सहसा सगळा डोलारा एकदम विकत नाहीं. तो एक कचेरी मागतो, चार महिने काम करून दाखवितो, आणि मग दुसरीविषयीं बोलतो. त्याचा नफा हळू येतो हें खरें. पण दहा वर्षें कोर्टांत जाऊन वकिलांचीं घरें भरण्यापेक्षां तो स्वस्त पडतो.

आपल्या घरांतून पूर्वीं कोठीच्या किल्ल्या ज्या वडील बाईकडे असत, ती धान्य मोजून देई आणि वायफळ खर्च होऊं देत नसे. पण आज कोण न जेवतां उठलें हेंहि तिलाच ठाऊक असे. ओढगस्तीच्या दिवसांत मोजमाप अधिक काटेकोर व्हावें यांत शंका नाहीं, आणि त्यासाठीं यंत्र जरूर घ्यावें. मात्र कोण उपाशी राहिलें हें पाहणारें माणूस त्या घरांतून जातां कामा नये.