नग ११



वेरूळच्या इंद्रसभेत शिरताना बाहेरचा संरक्षित स्मारकाचा फलक आपण सर्वांनी पाहिला आहे. तो लावणारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे खाते १८६१ सालचे. लेणी आणि किल्ले सांभाळणारे खाते, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. परंतु आपल्या गृहमंदिरातील लहानशा धातुप्रतिमेशीही या खात्याचा संबंध येतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

काही वर्षांपूर्वी एका मंदिराचे हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे आले. चांदीचे कलश, छत्रे, भामंडळे यांची नोंद ग्रॅमपर्यंत चोख होती. मूर्तींपुढे मात्र एवढेच लिहिलेले : ‘धातूच्या मूर्ती, नग ११’. मोजल्या तेव्हा दहा भरल्या. जीर्णोद्धाराच्या वेळी एक प्रतिमा कोणाच्या तरी घरी पूजेस दिली होती, असे एक विश्वस्त म्हणाले. कोणाच्या, ते कोणालाच आठवेना. तक्रार करावी तर वर्णन काय लिहावे? भगवान कोणते, उंची किती, लांछन कोणते? छायाचित्र एकही नव्हते.

छायाचित्राचे मोल तामिळनाडूतील श्रीपुरंदान येथील नटराजाने दाखवून दिले. चोरीस गेलेली ती मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली विकत घेतली होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात तिचे जुने छायाचित्र होते, म्हणून ओळख पटली आणि २०१४ साली ती भारतात परतली.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या दगडी व धातूच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते. सचित्र हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. आपल्याकडे वय ठरविणे सोपे, कारण प्रतिमेच्या पाठीवर बहुधा संवत कोरलेला असतो. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन जवळजवळ मिळतो. अर्ज छायाचित्रांसह नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा.

‘सरकार मूर्ती घेऊन जाईल’ ही भीती मी अनेक घरांत ऐकली आहे. नोंदणीने मालकी बदलत नाही. सक्तीच्या खरेदीचा अधिकार कायद्यात आहे खरा, पण खरोखर पूजेत असलेली वस्तू त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे मात्र अशी प्रतिमा सामानातून पाठवू नये. त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंड आहे. हेतू भक्तीचा होता, हे तेथे चालत नाही. खात्याचे काम संथ आहे, खेटे घालावे लागतात, हेही मान्य. बँकेतही लोक आमच्याविषयी हेच म्हणत.

त्या मंदिरात पुढे दहाही प्रतिमांची पुढून-मागून छायाचित्रे घेतली, पाठीवरचे लेख वाचून उतरविले, उंची आणि वजन लिहिले. सर्वांत जुनी संवत १६०० च्या सुमाराची निघाली. अकराव्या ओळीत माझ्या हस्ताक्षरात एवढेच आहे : ‘धातूची मूर्ती, नग १, वर्णन उपलब्ध नाही’.