विश्लेषण : इस्रायल सरकारला लष्करी रेडिओ का बंद करायचा आहे? ज्यू समाज, रेडिओ आणि पुरोगामी वादाची जवळपास शंभर वर्षे

इस्रायलमध्ये बसने प्रवास करणाऱ्यांना एक गोष्ट परिचयाची आहे. तास भरला की रेडिओवर वेळेचे ‘पीप पीप’ वाजतात, चालक आवाज वाढवतो आणि बसमधली कुजबुज थांबते. युद्ध, निवडणूक, संप, करार अशा असंख्य बातम्या या देशाने अशाच ऐकल्या. बातम्यांनंतर सुरू होते ती चर्चा. मंत्र्याला अडचणीचे प्रश्न विचारणारी, धर्मगुरू आणि धर्म न मानणारा लेखक यांना समोरासमोर बसवणारी. यातील बरीचशी चर्चा ज्या वाहिनीवर झाली, ती चालवते चक्क लष्कर. ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला : सरकारला न आवडणाऱ्या मतासाठी माइक कोणी उपलब्ध करून द्यायचा?

नेमका निर्णय काय?

‘गालेइ त्साहाल’ म्हणजे ‘लष्कराच्या लहरी’. बोलीभाषेत तिला ‘गालात्स’ म्हणतात. ही वाहिनी बंद करण्याचा इरादा संरक्षणमंत्री इस्रायल काट्झ यांनी नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केला. डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रसारण थांबवण्यासाठी १ मार्च २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. संगीत आणि वाहतुकीची माहिती देणारी ‘गालगालात्स’ ही जोडवाहिनी मात्र सुरू ठेवायची, असे ठरले. म्हणजे गाणी राहणार आणि चर्चा जाणार.

काट्झ यांचा युक्तिवाद असा : लष्कराने राजकीय मतमतांतरांचे व्यासपीठ चालवू नये, त्याने सैन्याच्या एकजुटीला धक्का बसतो. यावर अॅटर्नी जनरल गाली बाहारव-मियारा यांनी आक्षेप घेतला. संसदेत कायदा न करता केवळ मंत्रिमंडळाच्या ठरावाने अशी वाहिनी बंद करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरअखेर न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन बंदीची प्रक्रिया रोखली.

लष्कराच्या रेडिओवर राजकारण आले कसे?

गालात्स १९५०मध्ये सुरू झाली. सैनिकांची करमणूक, त्यांच्यापर्यंत घरचे निरोप पोहोचवणे आणि राखीव दलांना सूचना देणे हे तिचे काम होते. इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची असल्याने अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली इथे बातमीदार, निर्माते आणि तंत्रज्ञ म्हणून काम करतात. सोबत अनुभवी नागरी पत्रकार असतात. देशातील नामवंत पत्रकारांची एक मोठी फळी याच वाहिनीतून पुढे आली.

त्या काळी सरकारी रेडिओ ‘कोल इस्राएल’ पंतप्रधान कार्यालयाच्या अखत्यारीत होता. १९६५मध्ये स्वतंत्र प्रसारण प्राधिकरण स्थापन झाले. खासगी प्रादेशिक रेडिओला तर १९९०च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. या पोकळीत लष्करी वाहिनीला विचित्र मोकळीक मिळाली. ती सरकारचीच होती, पण तरुण होती आणि थोडी बेफिकीरही होती. हळूहळू सैनिकांपेक्षा नागरिकच तिचे मोठे श्रोते झाले.

उजव्या पक्षांचा आरोप आहे की ही वाहिनी डावीकडे झुकलेली आहे. गंमत म्हणजे, लष्कराने पत्रकारिता करू नये हा मुद्दा डाव्या आणि उदारमतवादी मंडळींनीही अनेकदा मांडला आहे. गणवेशातील मुलगा आपल्याच सेनापतीला निर्भीड प्रश्न कसा विचारणार, ही शंका रास्तच आहे. त्यामुळे काट्झ यांचा मुद्दा पूर्णपणे पोकळ नाही. प्रश्न आहे तो पर्यायाचा. लष्कराकडून माइक काढून तो स्वतंत्र सार्वजनिक संस्थेकडे देणे वेगळे आणि माइकच बंद करणे वेगळे.

एका कवितेवरून वादळ

हा फरक समजून घेण्यासाठी २०१६ची घटना पाहावी लागेल. गालात्सवर ‘विद्यापीठ रेडिओवर’ या धर्तीची एक व्याख्यानमाला चालते. तिच्यात पॅलेस्टिनी कवी महमूद दर्विश यांच्या ‘ओळखपत्र’ या कवितेवर चर्चा झाली. ही कविता १९६०च्या दशकातली. सरकारी कारकुनासमोर उभा राहून आपण अरब असल्याचे ठणकावून सांगणारा माणूस तिच्या केंद्रस्थानी आहे.

तत्कालीन संरक्षणमंत्री अविग्दोर लिबरमन यांनी वाहिनीप्रमुखांना बोलावून घेतले आणि या चर्चेची तुलना हिटलरच्या ‘माइन काम्फ’चे गोडवे गाण्याशी केली. त्यावर तत्कालीन अॅटर्नी जनरल आविखाय मंडेलब्लिट यांनी स्पष्ट केले की वाहिनीच्या आशयात हस्तक्षेप करण्याचा अधिकार संरक्षणमंत्र्यांना नाही.

कविता ऐकून कोणी पॅलेस्टिनी बाजूचा होत नाही. पण शेजारच्या माणसाला काय वाटते हे कळते. पुरोगामी इस्रायलींचे म्हणणे इतकेच होते. मंत्र्याला नेमकी तीच गोष्ट खटकली.

वाद घालणे ही ज्यू संस्कृतीची परंपरा का मानली जाते?

ज्यू धर्मपरंपरेतील ‘तालमूद’ हा ग्रंथ म्हणजे अनेक शतकांच्या चर्चेचे जणू इतिवृत्तच. त्यात निर्णय नोंदवले आहेत, तसेच मान्य न झालेली मतेही, ती मांडणाऱ्यांच्या नावासह. हिलेल आणि शमाय या दोन पंथांचे वाद त्यात ठायी ठायी येतात. बहुतेक वेळा हिलेल पंथाचे मत ग्राह्य धरले गेले, तरी शमाय पंथाचे मत खोडून टाकले गेले नाही. आज हरलेला युक्तिवाद उद्या कोणाला उपयोगी पडेल, हा त्यामागचा विचार.

याचा अर्थ प्रत्येक ज्यू माणूस वादप्रिय किंवा पुरोगामी असतो असा नाही. कर्मठ, उजवे, डावे, धर्मनिरपेक्ष असे सर्व प्रवाह या समाजात आहेत. पण विरोधी मत नोंदवून ठेवण्याची ही सवय धर्मशाळेतून वृत्तपत्रांत, तिथून कामगार संघटनांत आणि पुढे रेडिओवर आली, हे इतिहासात दिसते.

न्यूयॉर्कचा समाजवादी रेडिओ

१८८० ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत गेले. त्यातील असंख्य लोक न्यूयॉर्कच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबत होते. भाषा यिडिश. जर्मनशी नाते सांगणारी, पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी. १८९७मध्ये सुरू झालेले ‘फॉरवर्ड’ हे यिडिश वृत्तपत्र त्यांचा आवाज होते.

१९२७मध्ये अमेरिकी समाजवादी पक्षाने नुकतेच निवर्तलेले नेते युजीन व्ही. डेब्ज यांच्या स्मरणार्थ रेडिओ केंद्र सुरू केले. डेब्ज यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘डब्ल्यूईव्हीडी’. दुसऱ्याच वर्षी त्याचा परवाना धोक्यात आला. इतरांच्या मतांचाही मान राखा, अशी ताकीद देऊन नियामकांनी अखेर तो कायम ठेवला. पैशांची चणचण मात्र कायम होती. १९३२मध्ये ‘फॉरवर्ड’ने हे केंद्र हाती घेतले. मग यिडिश नाटके, गाणी, कामगारांचे प्रश्न आणि फॅसिझमविरोधी भाषणे एकाच लहरीवर ऐकू येऊ लागली.

पुढची पिढी इंग्रजी बोलू लागली, यिडिशचे श्रोते घटले आणि उत्पन्न आटले. २००१मध्ये या केंद्राच्या लहरीवर क्रीडा वाहिनी सुरू झाली. ‘फॉरवर्ड’ची छापील आवृत्तीही २०१९मध्ये थांबली आणि ते केवळ डिजिटल स्वरूपात उरले. या केंद्राला सरकारने बंद पाडले नाही. खर्च उचलणारा वाचक आणि श्रोता उरला नाही, म्हणून ते संपले.

मुंबईत वाढलेल्या वैमानिकाचे जहाज

दुसरे उदाहरण भूमध्य समुद्रातले आहे आणि त्याचा धागा मुंबईशी जुळतो. एबी नाथन यांचा जन्म १९२७मध्ये इराणमधील अबादानचा. त्यांचे शिक्षण मुंबईत झाले. ब्रिटिश काळात ते हवाई दलात वैमानिक झाले आणि १९४८च्या युद्धात इस्रायलच्या बाजूने लढायला गेले. त्या युद्धाने आणि त्यानंतरच्या अनुभवांनी ते शांततावादी बनले. १९६६मध्ये इजिप्तशी बोलणी करण्यासाठी ते एकटेच छोटे विमान घेऊन पोर्ट सैदला उतरले. इजिप्तने त्यांना परत पाठवले.

खासगी रेडिओला परवानगी नसल्याने १९७३मध्ये त्यांनी जहाजावरच केंद्र थाटले आणि प्रादेशिक सागरी हद्दीबाहेरून ‘व्हॉइस ऑफ पीस’ सुरू केले. त्यासाठी त्यांना ज्यांनी पाठिंबा दिला त्यांत गायक जॉन लेनन हेही होते. या केंद्रावर प्रामुख्याने इंग्रजी पॉप गाणी वाजत आणि मधूनमधून शांततेचे आवाहन होई. तेल अवीवपासून शेजारच्या अरब शहरांपर्यंतची तरुणाई ते ऐकत होती. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या नेत्यांना भेटण्यास तेव्हा कायद्याने बंदी होती. ती मोडल्याबद्दल नाथन यांना दोनदा तुरुंगात जावे लागले.

१९९३मध्ये ही बंदी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्रायल सरकारनेच त्या संघटनेशी ओस्लो करार केला. काही आठवड्यांतच कर्जात बुडालेल्या नाथन यांनी प्रसारण थांबवले आणि जहाज समुद्रात बुडवून टाकले. आता शांतता येणार, मग केंद्राची गरज काय, असेही त्यांना वाटले होते. ती आशा फोल ठरली. एका माणसाच्या जिद्दीवर वीस वर्षे चाललेला माइक त्या माणसाबरोबर थकला.

पुरोगाम्यांचे स्वतःचे काय?

या कहाणीत पुरोगामी बाजूही निर्दोष नाही. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ‘मिझराही’ ज्यूंची अनेक वर्षांची तक्रार आहे की युरोपीय वळणाच्या उच्चभ्रूंनी त्यांचे सूर रेडिओपासून दूर ठेवले. ‘गालगालात्स’वर कोणती गाणी वाजवायची हे ठरवणाऱ्या समितीवर याच कारणासाठी टीका झाली. समतेची चर्चा करणाऱ्या इमारतीतच गाण्यांची उतरंड होती. उजव्या पक्षांनी या नाराजीला राजकीय धार दिली. गालात्सविषयी अनेक सामान्य इस्रायलींना आपुलकी का वाटत नाही, याचे एक उत्तर इथे सापडते.

पॉडकास्ट असताना रेडिओसाठी रडायचे कशाला?

हा प्रश्न स्मार्टफोनच्या पिढीला पडणे साहजिक आहे. आज कोणीही घरबसल्या पॉडकास्ट काढू शकतो. ज्यू जगातही डावे, उजवे, धार्मिक आणि स्त्रीवादी पॉडकास्ट भरपूर आहेत. पण पॉडकास्ट आपण निवडतो आणि बहुधा आपल्याच मताचा निवडतो. पुढचा भागही अॅप आपल्या आवडीनुसार सुचवते. बसमधला रेडिओ तसा नसतो. तिथे उजव्या विचारांच्या चालकाला डाव्या प्राध्यापकाचे बोलणे कानावर घ्यावे लागते आणि मागच्या बाकावरच्या डाव्या विद्यार्थ्याला मंत्र्याचे. पटले नाही तरी ते ऐकले जाते. रेडिओ बंद झाल्यावर मते मरत नाहीत, ती एकमेकांना ऐकू येईनाशी होतात.

भारतातील वाचकाने यातून काय घ्यावे?

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये दिला. तरीही आपल्याकडे खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवता येते. तासाला दहा मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस ‘ट्राय’ने २०२३मध्ये केली होती. इस्रायलमध्ये गाणी ठेवून चर्चा बंद करण्याचा घाट घातला जातो तेव्हा भारतीय श्रोत्याला ती रचना अनोळखी वाटू नये.

पुढे काय?

पक्षाचा रेडिओ पैशाअभावी संपला, एका माणसाचा रेडिओ त्याच्यासोबत थकला आणि लष्कराचा रेडिओ मंत्र्याच्या सहीवर अवलंबून राहिला. यावर उरतो तो एकच मार्ग : कायद्याने संरक्षित, जनतेच्या पैशावर चालणारी आणि सरकारच्या हाताबाहेर असलेली सार्वजनिक संस्था. इस्रायलकडे ‘कान’ ही अशी संस्था २०१७पासून आहे. पण तिच्याही खासगीकरणाचा आग्रह दूरसंचारमंत्री श्लोमो कारही यांनी धरला आहे. दोन्ही पावले एकत्र पाहिली तर काट्झ यांचा ‘लष्कराने पत्रकारिता करू नये’ हा मुद्दा बरोबर असूनही विश्वासार्ह ठरत नाही. गालात्स लष्कराकडून काढायचीच असेल, तर आधी तिच्या चर्चेला ‘कान’मध्ये किंवा नव्या स्वतंत्र संस्थेत कायद्याने जागा द्यावी आणि मगच कुलूप लावावे. हरलेले मतही जपून ठेवणाऱ्या परंपरेच्या देशाकडून एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.