अक्कल कुणाची गेली?

नायगावात राहतो म्हटलं की आमच्या नातेवाइकांतले काही शहाणे हमखास ऐकवतात, "गिरणी कामगारांनी कुणाचं ऐकलं नाही. दत्ता सामंतांच्या मागे गेले आणि हातचं घालवून बसले." हीच मंडळी हा ब्लॉगही वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप फसला, हे खरंच. (तो रीतसर मागे मात्र कधीच घेतला गेला नाही!) पण हातावर पोट असलेल्या माणसाचा अंदाज चुकला तर तो मूर्ख, आणि ज्यांच्या दिमतीला सचिव, वकील, तज्ज्ञ, त्यांनी स्वतःच मागवलेला सल्ला बासनात गुंडाळला तर ते धोरणी?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. १९९६ साली सरकारनेच चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली. कोरिया म्हणजे नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, कुणी ऐरागैरा नव्हे. त्यांनी सांगितलं, एकेक गिरणी सुटी विकू नका. सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करा, रस्ते, स्टेशनं, मैदानं, घरं यांची सांगड घाला. शाळेतल्या पोरालाही पटावं असं हे.

ऐकलं कुणी? पालथ्या घड्यावर पाणी! उलट २००१ साली नियमच बदलला. वाटे फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीचे. शेड पाडून मोकळी होणारी जागा त्यातून वगळली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हे अडवलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालू दिलं.

मग कचेऱ्यांचे टॉवर उठले, माणसं लोटली, वाटा मात्र गिरणीच्या काळातल्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगरून २३ जीव गेले. त्यांनी कुणाचा सल्ला डावलला होता?

आमच्या स्प्रिंग मिलच्या जागेवरही आता टॉवर आहेत. बघायला या, आणि वादही घाला, चहा मिळेल. पण येताना १९८२ च्या पुढची सनावळीही पाठ करून या.