मागच्या हौसिंगचा आवाज, पुढच्या ॲक्सलची चौकशी

जुन्या फोर-बाय-फोर जीपच्या मागच्या डिफरन्शियलचा बिघाड आवाजाने सुरू होतो आणि क्राउन-पिनियनचा नवा जोड बसवून संपला असे धरले जाते. कारण न शोधता बसवलेला जोड मात्र पुढच्या गाळप हंगामात पुन्हा तोच आवाज काढू लागतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत विलिस घाटाच्या जुन्या महिंद्रा जीपपासून एमएम ५४० आणि बोलेरो कॅम्परपर्यंतच्या फोर-बाय-फोर गाड्या अजून शेतीच्या कामात आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या चाऱ्यांवरचे काळ्या मातीचे रस्ते, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या ऊसपट्ट्यातले भिजलेले फड आणि उजनीच्या फुगवट्याकाठची गाळपेर, अशा ठिकाणी या गाडीला पर्याय नाही. ऊसतोड टोळीचे सामान, वाढ्याच्या पेंढ्या, पाण्याच्या मोटारी आणि पाइप ती वाहतेच. शिवाय फडात रुतलेली ट्रॉलीही साखळी लावून तिच्याकडूनच ओढून घेतली जाते. मागच्या हौसिंगवर येणारा ताण किती, हे आधी आकड्यात पाहिलेले बरे.

तीन गिअरच्या जुन्या विलिस घाटाच्या जीपमध्ये पहिला गिअर २.८ पट, ट्रान्सफर केसचा लो २.४६ पट आणि क्राउन-पिनियन ५.३८ पट जोर वाढवते. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ होतो. इंजिनाचा जोर ३७ पट होऊन चाकांपर्यंत पोचावा आणि तो पुढच्या व मागच्या अशा दोन ॲक्सलनी वाटून घ्यावा, असा मूळ हिशेब आहे. म्हणूनच दोन दांड्यांच्या त्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो लागू नये अशी अटकाव-व्यवस्था आहे. मागच्या ॲक्सलचे ते संरक्षण आहे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट डिझेल वाचवण्यासाठी काढून ठेवला, किंवा फ्री व्हील हब लॉक न करताच गाडी चिखलात घातली, की दांडी फोर-व्हीलवर असूनही सगळा जोर एकट्या मागच्या हौसिंगवर येतो. मालकाला याचा पत्ताही नसतो. त्यामुळे मागचे हौसिंग खोलायच्या आधी पुढचा ॲक्सल खरोखर ओढतो का, हे पाहणे निदानाचाच भाग आहे.

निदानाची पहिली पायरी रस्त्यावर होते. पाटस-बारामती-इंदापूर या पालखी मार्गावरच्या सिमेंट रस्त्याला टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा जास्त येतो, त्यामुळे एकाच रस्त्यावर फिरवून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. गाडी आधी सिमेंटवर आणि मग डांबरीवर, त्याच वेगाने चालवावी. पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला तर संशय टायरवर, विशेषतः चौकटीदार नक्षीच्या किंवा असमान झिजलेल्या रिमोल्डवर घ्यावा. त्यानंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन गाडी न्यूट्रल करावी. इंजिन मंद झाले तरी आवाज वेगाबरोबरच राहिला, तर इंजिन आणि क्लच संशयातून सुटले.

खरी माहिती मिळते ती पायाखालच्या ॲक्सिलरेटरवरून. दाबल्यावर हौसिंग रडू लागते आणि पाय उचलताच गप्प होते, तेव्हा क्राउनच्या दातांची ओढणारी बाजू झिजलेली असते किंवा दात चुकीच्या जागी एकमेकांना भिडत असतात. उलट, पाय उचलून गाडी गिअरमध्ये सरकताना आवाज वाढत असेल तर पिनियनचे बेअरिंग सैल पडले आहे, पिनियनचा नट सुटत आला आहे किंवा दातांची दुसरी बाजू खराब झाली आहे. ओढताना आणि सोडताना सारखाच येणारा, फक्त वेगाबरोबर चढणारा सूर बेअरिंगचा असतो. यातही फरक ऐकता येतो. पिनियन चाकाच्या पाचपट वेगाने फिरतो म्हणून त्याच्या बेअरिंगचा सूर वरचा असतो. क्राउनच्या दोन्ही बाजूंची बेअरिंग चाकाच्याच वेगाने फिरत असल्याने खालच्या आवाजात घरघरतात. फक्त वळणावर येणारा आवाज स्टार गिअर, सन गिअर आणि त्यांच्या थ्रस्ट वॉशरकडे बोट दाखवतो. मात्र वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, त्यामुळे एकाच दिशेच्या वळणावर आवाज येत असेल तर आधी बाहेरच्या बाजूचे चाकाचे बेअरिंग तपासावे.

दात तुटल्याची शंका असेल तर ठोके मोजावेत. सोळा इंची जुन्या टायरचा परीघ साधारण सव्वादोन मीटर असतो. ताशी २० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला अडीच फेऱ्यांच्या आसपास फिरते. क्राउनचा दात गेला असेल तर तेवढेच, सेकंदाला दोन-अडीच, स्वच्छ ठोके ऐकू येतात. पिनियनचा दात गेला असेल तर याच वेगाला ठोके तेराच्या घरात जातात आणि कानाला नुसती गुरगुर लागते; वेग ताशी पाचवर आणल्यावरच ते सुटे होतात. बाजूला बसून घड्याळाशी ठोके ताडणारा मिस्त्री हौसिंग न खोलताही कोणता भाग फुटला ते बरेचसे सांगू शकतो.

गाडी उचलताना किंवा रिव्हर्समधून पुढे घेताना होणारा 'खट्' हा हौसिंगचाच आहे असे गृहीत धरू नये. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, स्लायडिंग फोर्कच्या झिजलेल्या स्प्लाइन, पाट्यांचे सैल यू-बोल्ट आणि तुटलेला सेंटर बोल्ट यांचा आवाज हुबेहूब तसाच येतो. ज्या जुन्या ॲक्सलमध्ये हब टेपर शाफ्टवर चावीने बसवलेला असतो, तिथे चावी कातरली गेली की खटका बसतो आणि पुढे चाक ओढणेच थांबते. अशा गाडीचे निरोगी हौसिंग उगाच खोलले जाते. खड्ड्यात उतरून एकाने शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवावा आणि दुसऱ्याने क्रॉस, पिनियनची फ्लँज आणि हब यांवर आळीपाळीने बोट ठेवावे. मोकळा खेळ नेमका कुठे आहे ते बोटाला कळते. पिनियनची फ्लँज वर-खाली हलत असेल तर मात्र पिनियनच्या बेअरिंगविषयी शंका उरत नाही.

यानंतर एक तपासणी अशी आहे की जिला फक्त जॅक, खडू आणि दहा मिनिटे लागतात, तरी ती सर्रास टाळली जाते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावून, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये ठेवून आणि हँडब्रेक सोडून मागचे एकच चाक उचलावे व स्टँडवर घ्यावे. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूच्या खुणा करून चाक हाताने वीस फेऱ्या फिरवावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने क्राउन दहाच फेऱ्या फिरतो. शाफ्टच्या पावणेचोपन्न फेऱ्या भरल्या तर आत ४३ व ८ दातांचा, म्हणजे ५.३८ चा जोड आहे; पावणेएकोणपन्नास भरल्या तर ३९ व ८ चा, ४.८८ चा. हेच पुढच्या ॲक्सलवर, हब लॉक करून आणि उटी मागच्या चाकांना लावून मोजावे. भंगार बाजारातून आणलेला जोड किंवा अख्खा ॲक्सल बसवलेल्या गाड्यांत पुढचा आणि मागचा आकडा जुळत नाही, असे निघू शकते. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असे एकत्र आले तर मागच्या चाकांच्या दहा फेऱ्यांमागे पुढची चाके अकरा फेऱ्या फिरू पाहतात. चिखलात टायर घसरून हा फरक पचतो. कोरड्या रस्त्यावर तो दोन्ही हौसिंग, क्रॉस आणि ट्रान्सफर केस यांच्यात ताण होऊन साठतो. फोर-व्हीलची दांडी अडकते आणि गाडी थोडी मागे घेतल्यावरच सुटते, ही त्याची ओळख. पुढच्या-मागच्या टायरच्या उंचीत मोठी तफावत असली तरी हेच होते, म्हणून दात मोजण्याबरोबर चारही टायरांचा परीघ दोरीने मोजून घ्यावा.

फोर-बाय-फोर गाडीत निदानाची आणखी एक सोय आहे. मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून, फोर-व्हील हायमध्ये गाडी फक्त पुढच्या ॲक्सलवर थोडे अंतर चालवता येते. गाडी जागची हललीच नाही तर पुढचा ॲक्सल ओढत नाही हे सिद्ध झाले, आणि मागचा का मेला याचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले. गाडी चालली आणि आवाज पूर्ण थांबला, तर दोष शाफ्टमध्ये किंवा भाराखालच्या दातांमध्ये आहे. घरघर तशीच राहिली तर ती चाकाच्या किंवा क्राउनच्या बेअरिंगची असण्याची शक्यता मोठी. कारण शाफ्ट काढला तरी मागची चाके क्राउन-पिनियनला फिरवतच असतात, फक्त बिनभाराने. ही चाचणी करताना एक धोका कायम ध्यानात हवा. विलिस घाटाच्या जुन्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. तो शाफ्ट सुटला की हँडब्रेक मागच्या चाकांना धरत नाही. उटी न लावता अशा गाडीखाली कुणीही जाऊ नये. तुटलेल्या ॲक्सल शाफ्टच्या गाडीतही तेच होते: सगळा जोर तुटलेल्या बाजूने निसटतो, गाडी मागच्या ॲक्सलने ओढत नाही आणि हँडब्रेकही लागत नाही.

आता ऑइल. ते स्वच्छ ताटात काढावे, जमिनीवर सोडू नये. ड्रेन बोल्टला चिकटलेली मऊ करडी पेस्ट ही सामान्य झीज आहे. चकाकते पापुद्रे बेअरिंगचे किंवा दातांचे असतात. कोन असलेला तुकडा सापडला तर हौसिंग खोलण्याला पर्याय नाही. करपट वास आणि निळसर पडलेले दात म्हणजे ऑइल कमी होते, किंवा हायपॉइड दातांना लागणाऱ्या जीएल-५ दर्जाच्या ९० नंबरऐवजी भलतेच काही भरले होते. दुधट ऑइल म्हणजे पाणी. इंदापूरच्या उजनीकाठच्या गाड्यांत याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. धावून तापलेले हौसिंग थंड पाण्यात उतरते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असल्याने ती पोकळी ऑइल सीलच्या ओठातून पाणी ओढून भरते. काही जुने ब्रीदर हवा फक्त बाहेर सोडतात, तेव्हा ते स्वच्छ असूनही उपयोग होत नाही. ब्रीदरच्या जागी नळी जोडून तिचे टोक चेसिसच्या वर बांधणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. पाणी शिरलेली गाडी पावसाळाभर उभी राहिली तर बेअरिंगच्या खालच्या भागात रोलरच्या अंतराने गंजाचे डाग पडतात. असे डाग दिसले तर ते बेअरिंग धुऊन पुन्हा वापरू नये.

हौसिंग खोलल्यावर घाईने धुणे ही मोठी चूक आहे, पुरावा त्यातच वाहून जातो. आधी बेअरिंग कॅपवर डावी-उजवीच्या पंच खुणा कराव्यात, त्यांची अदलाबदल चालत नाही. मग दातांमधला खेळ डायल गेजने मोजावा. या वर्गाच्या ॲक्सलमध्ये तो साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर असतो, तरी त्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच अंतिम. तुटलेल्या दाताचा चिरलेला भाग उजेडात धरून पाहावा. शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसल्या तर तडा हळूहळू वाढत गेला होता, म्हणजे जोडाची मांडणी चुकलेली किंवा भार सतत जास्त. पृष्ठभाग खडबडीत, दाणेदार आणि चकचकीत असेल तर दात एका हिसक्यात गेला. साखळी ढिली ठेवून ट्रॉलीला मारलेला झटका तो हिसका देतो. स्टार गिअरची पिन तुटली किंवा घासून निळी पडली असेल तर चित्र वेगळे असते. एक चाक चिखलात गरगरत असताना ते क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरते, स्टार गिअर पिनेवर कोरडे पडतात, आणि त्याच क्षणी चाकाला पकड मिळाली की पिन जाते. मागच्या एका बाजूला नवा रिमोल्ड आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टायर असेल तर हेच स्टार गिअर सरळ रस्त्यावरही अखंड फिरत झिजतात.

नवा क्राउन-पिनियन कारखान्यातच एकमेकांशी घासून जुळवलेला असतो. दोन जोडांतले चांगले नग निवडून एक जोड बनवता येत नाही. पिनियनची खोली शिमने ठरवावी, बेअरिंगचा घट्टपणा मोजूनच नट आवळावा, आणि दातांवर मार्किंगचा रंग लावून ठसा पाहावा. ठसा दाताच्या शेंड्याकडे किंवा बुडाकडे सरकला तर पिनियनचे शिम बदलावे लागतात, लांबीच्या टोकांकडे सरकला तर क्राउनच्या बाजूचे. ठसा न पाहता 'आवाज बसेल' या भरवशावर बंद केलेले हौसिंग बसत नाही.

गाडी देताना फ्री व्हील हब, पुढचा शाफ्ट आणि पुढच्या हौसिंगचे ऑइल तपासून मालकाला फोर-व्हील लावून दाखवावे. पहिले पंचवीस-तीस किलोमीटर गाडी रिकामी चालवून पूर्ण थंड होऊ द्यावी, साखळी निदान पहिले काही दिवस बाहेर काढू नये, आणि सातशे-आठशे किलोमीटरला ऑइल बदलावे. दातांची संख्या, शिमची जाडी आणि मोजलेला खेळ जॉब कार्डवर लिहावा आणि दोन्ही ॲक्सलच्या आकड्यांची पत्र्याची पट्टी हौसिंगच्या बोल्टखाली अडकवावी, म्हणजे पुढच्या वेळी ही गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली तरी फेऱ्या नव्याने मोजाव्या लागणार नाहीत.