पाळणे म्हणजे बांधणे नव्हे

दिवाळी अंकात कुणाशी भांडू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडावा, दोन कथा वाचाव्यात, व्यंगचित्रे पाहून हसावे, पुढल्या वर्षाचे राशिभविष्य चाळावे आणि दुपारी निवांत लोळावे. हा संकेत मोडल्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागते. मला भांडायचे आहे. आणि तेही गुंडपुंडांशी नव्हे, तर तुमच्या-माझ्यासारख्या पापभीरू, कुटुंबवत्सल माणसांशी. भांडण एका साध्या शब्दावरून आहे. तो शब्द म्हणजे 'पाळणे'.

आमचे घर मुळशी तालुक्यात, पौडजवळ आहे. हे निवृत्त झाले, पाठोपाठ माझीही शाळा सुटली, आणि सासूबाईंना घेऊन आम्ही पुण्याहून इकडे राहायला आलो. चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट मागे टाकले की डोंगरांच्या कुशीत बंगल्यांच्या वसाहती लागतात. शनिवारी तिथे दिवे लागतात, रविवारी रात्री कुलपे लागतात. मुळशीला शहराची ही ये-जा नवी नाही. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांचे धरण इथे बांधायचे ठरले, आणि 1921 साली सेनापती बापटांच्या मागे इथले मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. तरी धरण व्हायचे ते झालेच. तेव्हापासून शहराला हवे ते मुळशीतून न्यावे, अशी रीत पडली. हल्ली तिला एक पुरवणी जोडली गेली आहे : शहराला नको झाले ते मुळशीत आणून ठेवावे. जुना सोफा, जुना फ्रीज, आणि जुना झालेला कुत्रा.

आमच्या वाटेवरच्या एका बंगल्यामागे असा एक कुत्रा होता. पिवळसर रंगाचा लॅब्रडॉर. मुलांच्या हौसेसाठी पिल्लू म्हणून आणलेला. मुले मोठी झाली, कुत्राही मोठा झाला, फ्लॅटमध्ये अडचण होऊ लागली, तेव्हा 'राखणीला' म्हणून इकडे आला. हातभर साखळी, वर गळका पत्रा आणि पावसाच्या पाण्याने भरणारा एक डबा. रखवालदार बिचारा आठवेल तेव्हा शिळी चपाती टाकी. त्याचा स्वतःचा पगार महिनोन् महिने थकलेला, त्याला काय बोलावे? मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना चार महिने चिखलात उभे राहणे म्हणजे काय ते सांगायला नको.

आणि त्या चारही महिन्यांत मी रोज त्या वाटेने फिरायला जात होते! हे कबूल केल्यावाचून पुढे लिहिण्याचा मला अधिकार नाही. 'दुसऱ्याच्या घरात आपण कशाला बोला?' असे म्हणून मी छत्री त्या बाजूला कलती धरीत असे. पाऊस त्या बाजूने येत नसला तरीही.

मागल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्या बंगल्यावर मंडळी आली होती. रोषणाई, गाणी, माळांवर माळा. फटाका माणसालाही दचकवतो; कुत्र्याला तर आपल्या दुपटीहून उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. मोकळा कुत्रा निदान पळून तरी जातो. हा पळणार कुठे? दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी पाहिले तर त्याने भिंतीच्या पायाशी नखे रक्ताळेपर्यंत खड्डा उकरला होता आणि त्यात तोंड खुपसून तो पडला होता. मंडळी अभ्यंगस्नान, फराळ उरकून परत निघून गेली होती.

मी रखवालदाराकडून नंबर घेऊन मालकांना फोन केला. चार वाक्ये मनात जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही लागले नाही. गृहस्थ अत्यंत सौजन्याने म्हणाले, "न्या ना, खुशाल न्या. नाहीतरी आम्ही दुसरा आणणारच होतो."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. 'दुसरा आणणारच होतो' या शब्दांत माझे सगळे भांडण आहे.

मराठीत 'पाळणे' हे फार जबाबदारीचे क्रियापद आहे. आपण शब्द पाळतो, व्रत पाळतो, पथ्य पाळतो. लेकराला ज्यात जोजवतो तो पाळणा. या प्रत्येक ठिकाणी, सोयीचे नसले तरी निभावून नेणे असा अर्थ आहे. शब्द सोयीपुरता पाळला तर आपण त्या माणसाला लबाड म्हणतो. मग कुत्रा सोयीपुरता ठेवला तर 'पाळला' कसे म्हणावे? उपवासाचा वार आठवड्यातून एकदा येतो. कुत्र्याच्या भुकेचा वार रोज असतो. त्याला शनिवार-रविवार कळत नाही.

आता आक्षेपांकडे वळते. गेल्या वर्षभरात ते सगळे माझ्या ओट्यावर चहा पिऊन गेले आहेत.

पहिला आक्षेप : "माणसांना खायला नाही, आणि तुम्ही कुत्र्यांचे कौतुक करता!" गंमत अशी, की असे म्हणणारा माणूस त्या भुकेल्या माणसाला जेवू घालून आलेला मला अद्याप भेटायचा आहे. ज्याच्या हातून सुटते त्याच्या हातून दोघांनाही सुटते. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे 'देवा, कोरडी खाऊ नका' म्हणत तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. दत्ताच्या पायांशी चार कुत्री दिसली की ते चार वेद म्हणून हात जोडतो. खंडोबाच्या जवळही कुत्रा असतोच. महाभारताची सुरुवातच पाहा ना. जनमेजयाच्या भावांनी यज्ञाच्या जागी आलेल्या सरमेच्या पोराला काही अपराध नसताना मारले, आणि त्या कुत्रीने येऊन भर यज्ञात राजाला जाब विचारला. शेवटी धर्मराज स्वर्गाच्या दारात अडला तोही कुत्र्यासाठीच. इतके सगळे पाठ असून परसातल्या साखळीपाशी आपले पाठांतर थांबते. आपण दिवाळी वसुबारसेने सुरू करतो, गाय-वासराला ओवाळतो. नेपाळात त्याच दिवसांत एक दिवस कुत्र्यालाही हार घालून टिळा लावतात. मला हारही नको आणि टिळाही नको. साखळी थोडी लांब करा, एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे : "कुत्री चावतात, पोरांचे जीव जातात." जातात, ते मी नाकारीत नाही. रेबीजने जगात जितके मृत्यू होतात त्यांतले तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की औषध जवळजवळ नाहीच. म्हणून चावा किंवा ओरखडा कितीही लहान असो, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि तडक दवाखाना गाठून लस घ्यावी. हळद-चुन्याचे प्रयोग करू नयेत. हे मी शाळेत मुलांना शिकवीत असे, तुम्हालाही सांगते. पण उपाय माणसाच्या बाजूने जितका, तितकाच कुत्र्याच्या बाजूनेही आहे. दहांपैकी सात कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते, हे जगभरच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात नेण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक सोडून बाकीच्यांना निर्बीजीकरण आणि लस करून मूळ जागी सोडण्यास सांगितले. देशभर दोन तट पडले. रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय करावे, यावर घराघरांत वाद झाले. पण त्यांतली काही आपल्याच फाटकातून बाहेर गेली, हे कुणी बोलले नाही. बंगल्यावरचा कुत्रा दोरी तोडून पळतो किंवा मुद्दाम सोडला जातो. त्याला ना लस, ना शस्त्रक्रिया. वर्षभरात त्याची पिल्ले त्याच रस्त्यावर हिंडतात. मग बंगल्याचे मालक मोटारीची काच खाली करून म्हणतात, "इकडे भटकी कुत्री फार झाली हो!"

तिसरा आक्षेप : "राखणीला कुत्रा नको का?" अवश्य असावा, पण बांधलेला कुत्रा राखण कशी करणार? आमच्या डोंगरात बिबट्या आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. मोकळा कुत्रा ओटीवर चढेल, दार खरवडेल. हातभर साखळीतला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेले ताट! त्याला तुम्ही राखण म्हणता?

आणि कायदा? तो आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आग्रह धरला, आणि 1960 साली प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्धचा कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात आखूड किंवा जड साखळीने जनावर बांधून ठेवणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हे सगळे गुन्हे म्हणून लिहिले आहे. इतके बारकाईने, की वाचताना त्या बंगल्याचे परसच डोळ्यांपुढे उभे राहते. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षे उलटली तरी आकडा तोच. पन्नास रुपयांत आज पाव किलो चिवडाही येत नाही. तेव्हा कायद्याच्या भीतीने कुणी सुधारेल ही आशा मी सोडली आहे. उरते ती लाज.

आता आमच्या घरचे थोडे सांगते. पण 'तुम्ही केवढे पुण्य केले' असे कृपा करून म्हणू नका. पशुवैद्यांनी मानेतला पट्टा कातरीने कापून काढला. तो कातडीत रुतला होता. गोचिडांचा ताप होता. औषधपाण्याचा खर्च पाहून यांनी दोन महिने माझ्याशी हिशेबाच्या वहीतूनच बोलणे ठेवले. सासूबाई म्हणाल्या, "घरात देवघर आहे, विसरू नकोस." पहिले पंधरा दिवस त्याला अंगणात मोकळे सोडले तरी तो हातभर वर्तुळातच फिरे, पुढे पाऊल टाकायचा आणि मानेला हिसका बसेल म्हणून आपणच थबकायचा. मी त्याच्यापुढे चार पावलांवर भाकरी घेऊन बसायची, दुसऱ्या दिवशी पाच पावलांवर. फाटकापर्यंत यायला त्याला संक्रांत उजाडली.

त्याचे जुने नाव रॉकी. सासूबाईंनी विचारले, "म्हणजे काय गं?" म्हटले, "दगडासारखा." "मग दगडू म्हण की! उगाच जीभ कशाला वळवायची?" तेव्हापासून तो दगडू. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर त्यांनी रांगोळीची एक रेघ ओढली. दगडू त्या रेघेशी येऊन बसतो. आत येत नाही. "माझ्या नातवांपेक्षा याला सोवळे कळते," असे त्या आल्यागेल्याला सांगतात, आणि दुपारी आम्ही झोपलो असे समजून त्याच रेघेवरून भाकरीचा तुकडा पलीकडे सरकवतात. करंजी मात्र त्याला देत नाहीत. बेदाणे, चॉकलेट, कांदा कुत्र्याला बाधतात, हे त्यांनी डॉक्टरांकडून स्वतः वदवून घेतले आहे. यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारे-खिडक्या लावून, पंखा मोठा करून त्या दगडूला घेऊन मधल्या खोलीत बसणार आहेत. पूजा मी करायची आहे.

याला मी दया म्हणत नाही. चार महिने छत्री कलती धरल्याची ती फेड आहे.

वाचकहो, पाडव्याला किंवा भाऊबीजेला कुणाला पिल्लू भेट द्यायचा बेत असेल तर जरा थांबा. ते दहा-बारा वर्षे जगेल. त्या प्रत्येक दिवशी दोन्ही वेळा त्याला कोण वाढणार, हे आजच ठरवा. ठरत नसेल तर पैठणी द्या, पुस्तक द्या. आणि तुमच्या बंगल्यामागे आधीच एखादा बांधलेला असेल, तर फराळ झाल्यावर मागे जाऊन ती साखळी एकदा हातात धरून पाहा. तेवढ्या जागेत तुम्ही स्वतः एक दुपार काढू शकाल का, ते पाहा. नसाल, तर त्याला घरात घ्या, नाहीतर घरात घेईल अशा माणसाला द्या.

आणि बंगल्याला नुसती राखणच हवी असेल, तर चांगले कुलूप आणा. कुलपाला भूक लागत नाही.