हरलेल्यांच्या आठवणी

इतिहास जेते लिहितात, हे वाक्य आपण परीक्षेच्या पेपरात इतक्यांदा लिहितो की त्याचा विचार करणे आपण सोडूनच दिले आहे. चीनमधल्या एका सरकारी प्रकाशनसंस्थेची हकीकत वाचली आणि मला ते पुन्हा तपासून पाहावेसे वाटले.

‘चीन साहित्य व इतिहास प्रकाशनगृह’ ही ती संस्था. तिची स्थापना १९८० सालची, पण मूळ १९५९ मधले. त्या वर्षी एप्रिलमध्ये पंतप्रधान चौ एन लाय यांनी राजकीय सल्लागार परिषदेच्या साठी ओलांडलेल्या सभासदांना चहाला बोलावले आणि ‘आपापला अनुभव मागे ठेवून जा’ अशा अर्थाचे आवाहन केले. मग त्यासाठी समितीच नेमली गेली. जे स्वतः केले, पाहिले वा ऐकले तेवढेच लिहायचे, हा तिचा दंडक.

आणि लिहिणारे कोण? शेवटचा मांचू सम्राट पू यी शिक्षेतून सुटल्यावर १९६१ पासून या समितीत नोकरीला होता! हुआयहायच्या लढाईत १९४९ साली कैद झालेला चँग कै शेकचा सेनापती दू यूमिंग याने त्याच लढाईची हकीकत लिहिली. पराभूताच्या हाती लेखणी देणारे सरकार मला तरी दुसरे आठवत नाही. याबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

पण माफी मिळालेला माणूस कितपत मोकळेपणाने लिहील? आपला सभासद राजाराम महाराजांच्या आज्ञेने बखर लिहायला बसला. निदान त्याला धन्याची भीती नव्हती, प्रेम होते. दू यूमिंगचे तसे नव्हते. शिवाय हे लेख प्रारंभी अंतर्गत वितरणासाठीच छापले जात. सामान्य चिनी वाचकाला ते सहजी मिळत नसत.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. ज्या १९५९ मध्ये हा चहा झाला, त्याच सुमारास चीनच्या खेड्यापाड्यांतून भीषण दुष्काळ सुरू झाला होता. १९६१ पर्यंत कोट्यवधी माणसे मेली. सम्राटाला आठवणी विचारल्या गेल्या; पण उपाशी शेतकऱ्याला कोणी विचारले? तो जुन्या राजवटीत हरलेला नव्हता, नव्या राजवटीत हरला होता. ते काम शेवटी यांग जिशेंग या पत्रकाराने केले. त्याचे वडीलच त्या दुष्काळात गेले होते. त्याचा ग्रंथ २००८ साली निघाला तो हाँगकाँगमध्ये. चीनच्या मुख्य भूमीवर त्याला बंदी आहे.