वंशावळीत बाया कुठे आहेत?

आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या पेटीत एक वंशावळ आहे. मूळ पुरुषापासूनच्या आठ पिढ्या तीत आहेत. दत्तक गेलेले, निपुत्रिक वारलेले, परागंदा झालेले, सारे पुरुष तीत आहेत. बाई मात्र एकही नाही! जणू आमच्या घराण्यात मुलगे झाडालाच लागत होते.

खापरपणजीचा शोध मी घेतला तो या चिडीतून. ती सापडली १९१८ सालच्या एका फेरफार नोंदीत. ते इन्फ्लुएन्झाच्या साथीचे वर्ष. नवरा गेला, जमीन मुलाच्या नावे लागली. मुलगा अज्ञान, म्हणून 'पालनकर्ती आई' असा तिचा उल्लेख आला. संसार करीत होती तोवर सरकारदरबारी तिची गरज नव्हती. कुंकू पुसले गेले तेव्हा तिचे नाव कागदावर उमटले! इंग्रजी अमदानीतल्या आपल्या पणज्या बहुधा अशाच सापडतात : वारसनोंदीत, दत्तकपत्रात, पोटगीच्या दाव्यात.

बरे, ते नाव तरी तिचेच का? ते सासरचे. यमुनेची लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केल्यावर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. त्या थोर म्हणून त्यांची माहेरची नावे आपल्याला ठाऊक आहेत. खापरपणजीचे माहेरचे नाव कोणत्याच कागदात मिळाले नाही. ते सांगितले आत्याआजीने, म्हणजे तिच्या नातीने. आत्याआजीचे वय आज अठ्ठ्याऐंशी! मी आणखी दोन वर्षे थांबले असते तर?

"हे लिहून काय साधणार?" असे काका विचारतात. त्या बाईने पोरक्या मुलाची जमीन राखली, म्हणून आमचे घर उभे राहिले, हे साधणार. शिवाय उद्या याच वंशावळीत माझ्या भावाचे नाव चढेल, माझे नाही, हेही मी कसे विसरू?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला. चांगले झाले. पण मागच्या पिढ्यांसाठी कोणता नियम येणार? ते काम आपलेच आहे. मित्रमैत्रिणींनो, या सुटीत घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ वही घेऊन बसा. तिची आई, आजी, त्यांची माहेरे, दोन्ही नावे लिहून घ्या. कागद कचेरीत थांबतील. ती थांबणार नाही.